शरीराचा जमाखर्च (भाग ७) : एकादशीचं ताट आणि पावसाळ्यातली चूल

महाडजवळ सावित्रीच्या काठी सव हे गाव आहे. गरम पाण्याच्या झऱ्यांमुळे बाहेरच्यांना ते ठाऊक असतं. या बाजूला आषाढी एकादशीला घरोघरी ताटात काय असतं? वरीचा भात, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, एखादं उकडलेलं रताळं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण शरीराच्या लेखी हा उपास नव्हेच. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ते पोटात गेलं की रक्तातली साखर चढते, इन्सुलिन वाढतं आणि चरबीला हात लावायची वेळच येत नाही. निर्जळी एकादशीचं तसं नाही. आसपासच्या कोकणी मुसलमान घरांतल्या रोज्याचंही तसं नाही. तेरा-चौदा तास पोटात काही गेलं नाही, की यकृताला साठा मोकळा करावाच लागतो.

तो साठा फार थोडा असतो. यकृतात ग्लायकोजेन साधारण १०० ग्रॅम, आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. स्नायूंमध्ये ग्लायकोजेन याच्या तीन-चार पट असतं, पण स्नायू ते रक्तात सोडू शकत नाहीत. ते त्यांच्या स्वतःच्याच कामी येतं. म्हणून दीड दिवसाच्या आत यकृत जवळपास रिकामं होतं. चरबी किलोंनी पडून असली तरी तिचा बराचसा भाग ग्लुकोजमध्ये बदलता येत नाही. मग शरीर स्नायूंमधली प्रथिनं मोडून यकृतात साखर तयार करायला लागतं. सुरुवातीला दिवसाला ७० ते ८० ग्रॅम प्रथिनं अशी खर्ची पडतात. हाच वेग कायम राहिला असता, तर माणूस दोन-तीन आठवड्यांपलीकडे तगला नसता.

तो तगतो, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून यकृत चरबीपासून कीटोन बनवू लागतं. तोंडाला येणारा तो गोडसर, उग्र वास त्यांचाच. १९६७ साली ऑलिव्हर ओवेन, जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनमध्ये कित्येक आठवडे उपाशी असलेल्या स्थूल रुग्णांवर मोजमाप केलं. मेंदू निम्म्याहून अधिक इंधन कीटोनमधून घेत होता. त्यामुळे प्रथिनांची झीज दिवसाला २० ग्रॅमच्या आसपास येते.

साने गुरुजी मूळचे पालगडचे, म्हणजे दापोली तालुक्यातले. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ रोजी ते उपोषणाला बसले आणि १० मे रोजी उपोषण सुटलं. या दहा दिवसांत त्यांच्या शरीरातही हीच उलथापालथ झाली असणार: आधी यकृत रिकामं, मग स्नायूंची झीज, मग कीटोनवर गुजराण. ध्येयासाठी धरलेला उपास असो की घरात दाणा नसल्याने पडलेला, पेशींना त्यातला फरक कळत नाही. फरक पडतो तो उपास सुरू होताना अंगावर काय शिल्लक होतं याने, आणि तो कधी सोडायचा हे कोणाच्या हाती होतं याने.

मला खरं लिहायचं आहे ते ज्यांच्या हाती हे नसतं त्यांच्याबद्दल. महाड-पोलादपूरच्या कातकरी वाड्यांतली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. उचल फिटून हातात फारसं काही उरलेलं नसतं. लावणीचे दिवस सोडले तर जून ते सप्टेंबर मजुरी तुटपुंजी. नदीतली मासळी, खेकडे, रानभाज्या मिळतात. कडू करांदा चिरून, राखेच्या पाण्यात उकळून, पुन्हापुन्हा धुऊन त्याचा कडवटपणा काढायचा आणि मग तो खायचा. पोट भरल्यासारखं वाटतं, पण अंगाला लागेल इतकं रोज मिळत नाही. ही पूर्ण उपासमार नव्हे. ही महिनोन्महिने चालणारी अर्धपोटी अवस्था आहे, आणि तिचं गणित वेगळं आहे.

ते मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मांडलं. ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने तयार झाले. २४ आठवडे त्यांना रोज १,६०० कॅलरींच्या आतबाहेर, म्हणजे नेहमीच्या निम्मंच अन्न मिळालं. वजन सुमारे पावपट उतरलं. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जी ऊर्जा खर्च करतं, ती मात्र सुमारे ४० टक्क्यांनी घटली. म्हणजे शरीर नुसतं लहान झालं नव्हतं, उरलेल्या पेशींनीही काम आवरतं घेतलं होतं. नाडी मंदावली, ऐन उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली, जिना चढणं जड झालं. ते तासन्‌तास बसून राहत, अन्नाखेरीज दुसऱ्या कशात मन रमेना. त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही. वाडीवर पडवीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसाला मात्र आपण बिनदिक्कत म्हणतो, ‘यांना कामच नको असतं.’ थायरॉईडचं सक्रिय संप्रेरक टी-३ उतरलेलं, स्नायू झिजलेले. तो माणूस जगण्यापुरतं तेवढं राखून बाकीचं बंद करतो आहे. ‘कामच नको असतं’ हे वाक्य आपण बोलायचं थांबवलं पाहिजे.

राज्य शासनाने १९७८ मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी खावटी कर्ज सुरू केलं ते याच चार महिन्यांसाठी. पुढे २०२०-२१ मध्ये ते कुटुंबामागे ४,००० रुपयांचं अनुदान झालं, निम्मं रोख आणि निम्मं धान्य-वस्तूंत. मदत जूनआधी हाती पडणं महत्त्वाचं. स्नायू एकदा गेला की तो भरून यायला काही महिने लागतात. मिनेसोटाच्या तरुणांनाही लागले होते.

उपाशी माणसाला खाऊ घालतानाही सांभाळावं लागतं. अन्न येताच इन्सुलिन उसळतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत खेचलं जातं. रक्तातलं फॉस्फेट कोसळलं तर हृदय बंद पडू शकतं. दुसऱ्या महायुद्धाअखेर छळछावण्यांतून सुटलेल्यांपैकी काही जण भरपूर जेवण मिळाल्यावरच दगावले. कोकणात मोठ्या आजारातून किंवा लंघनातून उठलेल्याला आधी पातळ पेज देतात, ते या दृष्टीने शहाणपणाचंच आहे. तीव्र कुपोषित मुलाला मात्र नुसती पेज पुरत नाही. रुग्णालयात त्याला आधी एफ-७५ हे कमी प्रथिनांचं दूध थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा देतात. सूज ओसरली, भूक परतली, की मग एफ-१००. असं मूल अंगाला थंड लागतं आणि त्याची साखर झोपेतच उतरू शकते, म्हणून त्याला आईच्या अंगाशी धरून, पांघरूण घालूनच दवाखान्यात न्यायचं, आणि वाटेत जागं असेल तर चमचा-चमचा साखरपाणी पाजत राहायचं.