सीमेची सीमा शून्य
अँटेनाभोवतीच्या लहरी संगणकावर तपासताना जागेचे ठोकळे पाडतात. १९६६ साली केन यी यांनी विद्युतक्षेत्राचे आकडे ठोकळ्यांच्या कडांवर आणि चुंबकीय क्षेत्राचे पृष्ठांवर मांडले. या साध्या मांडणीमागे बीजगणिती टोपॉलॉजी आहे. ठोकळ्याच्या सहाही पृष्ठांना एकेक फेरी मारा, प्रत्येकाकडे बाहेरून बघत एकाच दिशेने. बारा कडांपैकी प्रत्येक कड दोनदा लागते, एकदा जाताना आणि एकदा उलट येताना. बेरीज शून्य! टोपॉलॉजीतली ‘सीमेची सीमा शून्य’ ती हीच. काळाच्या प्रत्येक पावलाला पृष्ठावरचा चुंबकीय आकडा त्याच्या कडांवरच्या विद्युतक्षेत्राच्या अशा फेरीनेच बदलतो. म्हणून ठोकळ्यातून बाहेर पडणारा एकूण चुंबकीय प्रवाह सुरुवातीला शून्य असेल, तर लाखो पावलांनंतरही शून्यच राहतो. चूक होते ती दशांश छाटण्यापुरती. ठोकळे मोठे असले तरी हे शून्य टिकतं. लहरीचा वेग अचूक हवा असेल, तर मात्र ठोकळे बारीकच करावे लागतात. तिथे टोपॉलॉजीचा उपयोग नाही.