चोरीला जाणारे विद्याधन

विद्याधन चोराला नेता येत नाही, भावाभावांत त्याची वाटणी होत नाही आणि दिल्याने ते वाढतच जाते, ही शिकवण महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी शाळेत ऐकली आहे. शिक्षक समोर उभा राहून शिकवीत होता तोवर ती खरीही होती. परंतु शिक्षकाचे व्याख्यान चित्रफितीत बंद होऊन मोबाइलच्या पडद्यावर विकले जाऊ लागले आणि या धनाचे स्वरूप पालटले. दोन-तीन हजार रुपयांचा ऑनलाइन अभ्यासक्रम टेलिग्रामच्या एखाद्या गटात कवडीमोलाने किंवा फुकट मिळू शकतो, हे पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना सांगावे लागत नाही. साहजिकच, आपले शिकवणे विकून उपजीविका करणाऱ्या लहान शिक्षकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. विक्रीसाठी साधन कोणते निवडावे आणि झालेली विक्री राखावी कशी?

या प्रश्नांच्या मुळाशी एक जुना आर्थिक पेच आहे. अभ्यासक्रम तयार करण्याचा सारा खर्च पहिल्या प्रतीवर पडतो. दुसऱ्या प्रतीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही; आणि तो जसा शिक्षकाला येत नाही तसाच चोरालाही येत नाही. शिवाय, केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे, माहितीचे मोल ती हाती येईपर्यंत गिऱ्हाइकाला कळत नाही आणि एकदा ती हाती आली की तिच्यासाठी पैसे मोजण्याचे त्याला कारण उरत नाही. म्हणून थोडे दाखवावे आणि बाकीचे राखून ठेवावे, हा मार्ग विक्रेत्याला पत्करावा लागतो.

प्रथम साधनांचा विचार करू. समजा, अभ्यासक्रमाची किंमत २,००० रुपये आहे. शिक्षकाने स्वतःचे संकेतस्थळ उभारून पैसे घेण्यासाठी पेमेंट गेटवेची सेवा घेतली आणि तिचा दर दोन टक्के असला, तर ४० रुपये शुल्क व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ४७ रुपये २० पैसे जातात. हीच विक्री मोबाइल ॲपच्या आत झाली तर गणित बदलते. गूगलने २०२१ मध्ये वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलर उत्पन्नावर १५ टक्के दर ठरविला. त्या हिशेबाने ३०० रुपये वजा होतात. युडेमीसारख्या खुल्या बाजारपेठेत शिक्षकाने स्वतःच्या दुव्यावरून आणलेल्या विद्यार्थ्याच्या रकमेतील ९७ टक्के वाटा त्याला मिळतो. मात्र विद्यार्थी बाजारपेठेने आणलेला असेल तर हा वाटा ३७ टक्क्यांवर, म्हणजे ७४० रुपयांवर येतो. वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक होते आणि किंमत तीच ठेवल्यास त्या २,००० रुपयांतील सुमारे ३०५ रुपये कराचे असतात.

तथापि, केवळ टक्केवारी पाहून निवड करणे चुकीचे ठरेल. बाजारपेठ जे कापून घेते त्याच्या मोबदल्यात ती गिऱ्हाईक आणून देते. ज्याला कोणी ओळखत नाही अशा शिक्षकाला ३७ टक्केही परवडतात. ज्याचे विद्यार्थी आधीच आहेत त्याने मात्र ते दुसऱ्याच्या दुकानात नेऊन बसविण्यात शहाणपण नाही. खरा प्रश्न विद्यार्थ्यांची यादी कोणाच्या हाती राहते, हा आहे. नावे आणि संपर्क व्यासपीठाच्या ताब्यात असतील, तर उद्या दर वाढले किंवा खाते बंद झाले म्हणजे शिक्षकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. ज्या कंपनीचे मोल २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मानले गेले होते त्या बायजूजविरुद्ध २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली, हा इतिहास फार जुना नाही. म्हणून मूळ चित्रफिती, टिपणे आणि यादी यांची प्रत स्वतःजवळ असावी. मूडलसारखी मुक्त प्रणाली २००२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. ती चालविण्यास तांत्रिक माहिती आणि सर्व्हरचा खर्च लागतो, परंतु तिच्यावरील वर्ग मालकाच्या लहरीने बंद पडत नाही.

विक्रीचे रक्षण पैसे घेण्यापासूनच सुरू होते. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व्यवहारांवरील व्यापारी शुल्क शून्य करण्यात आले. त्यामुळे लहान शिक्षक थेट खात्यात पैसे घेऊ लागले. याच सोयीतून पैसे भरल्याचे बनावट चित्र पाठवून प्रवेश मिळविण्याची फसवणूकही आली. पाठविलेल्या चित्रावर विश्वास न ठेवता बँकेच्या खात्यात रक्कम जमा झाल्याचे पाहूनच वर्ग खुला करणे, हा साधा नियम कित्येकांचे नुकसान टाळू शकेल. रक्कम कधी परत मिळेल आणि कधी मिळणार नाही, हेही आधीच लेखी सांगितलेले असले म्हणजे पुढचे तंटे कमी होतात.

यानंतर कुलपांचा प्रश्न येतो. चित्रफीत सांकेतिक रूपात ठेवणे, पडद्याचे मुद्रण रोखणे, एका खात्याला एक-दोनच उपकरणे जोडू देणे, पडद्यावर विद्यार्थ्याचा मोबाइल क्रमांक सतत फिरता ठेवणे, असे उपाय प्रचलित आहेत. यांपैकी कोणताही उपाय दुसऱ्या मोबाइलचा कॅमेरा अडवू शकत नाही. फिरत्या क्रमांकाचा उपयोग एवढाच, की प्रत कोणाकडून फुटली ते कळते आणि त्या भीतीने बरेच जण हात आवरतात. उलट, कुलपे फार घट्ट केली तर त्यांचा जाच प्रामाणिक विद्यार्थ्यालाच होतो. ज्या गावी इंटरनेट धड चालत नाही तेथील मुलाला चित्रफीत उतरवून घेण्याची मुभाच दिली नाही, तर त्याने भरलेले पैसे वाया जातात. चोराने फोडलेली प्रत त्याच्यापेक्षा सोयीची ठरावी, यासारखा विपर्यास नाही.

कायदा शिक्षकाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क निर्मितीबरोबरच मिळतो. नोंदणीची अट नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनासाठी केलेल्या प्रतींना संरक्षण दिले, हे खरे. पण त्यावरून दुसऱ्याचा अख्खा अभ्यासक्रम विकण्याची मोकळीक कोणी काढू नये. नीतू सिंग या शिक्षिकेच्या दाव्यात याच न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये टेलिग्रामला बेकायदा वाटप करणाऱ्यांची माहिती उघड करण्याचा आदेश दिला. मात्र उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत किती शिक्षकांची असते? बहुतेकांना प्रत हटविण्याची नोटीस पाठवून समाधान मानावे लागते, आणि एक गट बंद होईतो दुसरा उघडलेला असतो.

म्हणून टिकाऊ रक्षण विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या स्वरूपातच शोधावे लागेल. चित्रफितीची प्रत निघते. शंकेला मिळालेल्या उत्तराची निघत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने राज्यसेवा मुख्य परीक्षेसाठी २०२५ पासून वर्णनात्मक पद्धत स्वीकारली आहे. आता विद्यार्थ्याला आपले लिहिलेले उत्तर कोणी तरी वाचून त्यातील चूक दाखविलेली हवी आहे. ज्या शिक्षकाच्या अभ्यासक्रमात उत्तरपत्रिका तपासणे, आठवड्याची प्रत्यक्ष चर्चा आणि बदलत्या घडामोडींची भर आहे, त्याच्याकडून चोराच्या हाती लागते ते केवळ शिळे साहित्य. किंमतही त्याच विचाराने ठेवता येईल: केवळ चित्रफिती अल्प दरात आणि तपासणीसह मार्गदर्शन पूर्ण दरात. ज्याच्या खिशात ३०० रुपयेच आहेत त्याला प्रामाणिक राहण्याची एक वाट तरी उघडी असावी.

याची दुसरी बाजू विसरता येणार नाही. गिऱ्हाइकाला मालाचा दर्जा आधी कळत नसेल तर वाईट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये मांडले होते. निवडीची खोटी हमी देणारे आणि यशस्वी उमेदवाराने नेमका कोणता अभ्यासक्रम घेतला होता ते लपविणारे वर्ग हेच करीत आले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या यामुळेच. फसविल्या गेलेल्या विद्यार्थ्याला चोरीची प्रत घेताना अपराधी वाटत नाही. आपली विक्री राखू इच्छिणाऱ्याने विद्यार्थ्याचा विश्वासही राखला पाहिजे.

इंग्रजीतील अभ्यासक्रमाला जगभर गिऱ्हाईक आहे. निम्म्या प्रती चोरीला गेल्या तरी उरलेल्या त्याला पुरतात. मराठीतून अर्थशास्त्र किंवा विज्ञान नीट शिकविणाऱ्याचा बाजार लहान आहे. त्याची शे-दोनशे विक्री बुडाली तर पुढचा अभ्यासक्रम तयारच होत नाही, आणि त्याची उणीव ज्यांना इंग्रजी परवडत नाही त्या गावोगावच्या मुलांना भासते. गटात आलेली फुकट प्रत पुढे पाठविण्यापूर्वी एवढा हिशेब त्यांनी मनाशी मांडावयास हरकत नाही.