बोली फ्रेंचमधील संगणक

१९५५ साली आयबीएमच्या फ्रान्समधील शाखेला लॅटिनचे प्राध्यापक झाक पेरे यांनी ‘ऑर्दिनातर’ हा शब्द सुचवला. तो रुजला, मात्र बोलताना त्याचा ‘ऑर्दी’ एवढाच भाग उरतो. ईमेलसाठी शासनाने २००३ मध्ये ‘कुरिएल’ हा क्वेबेकमध्ये रूढ असलेला शब्द स्वीकारला, तरी फ्रान्समधील मित्र एकमेकांना ‘मेल’च पाठवतात. संगणक अचानक बंद पडला की ‘मोनॉर्दी आ प्लाँते’ म्हणतात. ‘प्लाँते’ म्हणजे एरवी रोप लावणे! शब्दांपेक्षा नकार अधिक फसवा आहे. ‘सा न मार्श पा’ (हे चालत नाही) यातील ‘न’ बोलण्यात गळतो आणि ‘सा मार्श पा’ उरते. मराठी विद्यार्थ्याचा कान सवयीने ‘न’ शोधतो. त्याने शेवटचा ‘पा’ ऐकावा.