चमकी उतरवायचा वार

सकाळी ७.३०, धायरी
लग्नसराईतला सोमवार हा माझा उतरवायचा वार. शनिवार-रविवारी कार्यालयांत मिरवलेली बोटं आज शाळेत, बँकेत, दवाखान्यात हजर व्हायची असतात. त्यामुळे घरोघरी जाऊन पार्लरची कामं करणाऱ्या माझ्या बॅगेत आज रंगांच्या बाटल्या मोजक्याच. बाकी ॲसिटोन, कापूस, लाकडी काड्या, खोबरेल तेल आणि पोळ्या गुंडाळायची फॉइल. ॲसिटोनची बाटली वेगळ्या पिशवीत, उभी. ती डिकीत सांडली तर प्लॅस्टिकच्या डब्याही चिकट होऊन बसतात.

सकाळी ९.००, सदाशिव पेठ
आजींचं उद्या ऑपरेशन आहे. नातीच्या लग्नात हौसेने दहाही नखांना सोनेरी चमकी लावलेली, आणि दवाखान्याने नखं कोरी करून या म्हणून बजावलंय. ऑपरेशनच्या वेळी बोटाला जो चिमटा लावतात, तो नखातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. मध्ये रंगाचा जाड थर आला की आकडा चुकू शकतो.

सूनबाईंनी रात्री स्वतःच घासून पाहिलं होतं. "अहो ताई, अर्धी बाटली संपली, पण ही हलायला तयार नाही!" रंग फिकटला होता, चमकी जागच्या जागी आणि नखाभोवतीची कातडी लाल.

चमकी हलत नाही याला कारण आहे. नेलपॉलिशचा पापुद्रा मुख्यतः नायट्रोसेल्युलोजचा असतो आणि तो ॲसिटोनमध्ये विरघळतो. चमकी म्हणजे बहुधा ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेले पॉलिस्टरचे बारीक तुकडे. ते विरघळत नाहीत. घासत राहिलं तर त्यांच्या कडांत कापूस अडकतो आणि नखावर ओरखडे उठतात. म्हणून जोर लावायचा नाही. तुकडे ज्या थरात रुतलेत, तो थर सैल व्हायला वेळ द्यायचा.

देवघरात निरांजन तेवत होतं, म्हणून आम्ही पलीकडच्या खोलीत खिडकीपाशी बसलो. ॲसिटोनची वाफ चटकन पेट घेते. नखाभोवतीच्या कातडीला थोडं खोबरेल लावलं, नख मात्र कोरडं ठेवलं. नखाएवढा कापसाचा बोळा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवला आणि वर फॉइल गुंडाळली, म्हणजे ॲसिटोन उडून जात नाही. दहाही बोटं अशी बांधल्यावर आजी म्हणाल्या, "पोळ्यांचा डबाच केलास गं माझ्या हातांचा!"

दहा मिनिटांनी फॉइलवरूनच नख दाबून धरलं आणि बोळा टोकाकडे हलकेच फिरवत ओढला. चमकीचा पापुद्रा बोळ्यासकट बाहेर. दोन नखांवर कण राहिले, तिथे पुन्हा बोळा बांधून थोडी वाट पाहिली. मग साबणाने हात धुतले आणि नखांना तेल.

सकाळी ११.३०, तुळशीबाग
कापूस घ्यायला थांबले. इथे रिमूव्हर घेताना बाटलीवरचं वाचायचं. ॲसिटोन नसलेला रिमूव्हर साध्या रंगाला चालतो, चमकीवर मात्र फार रेंगाळतो. हस्तकलेच्या दुकानातून फेल्टचे तुकडेही घेतले. शेवटचे कण त्याच्या खरखरीत अंगाला कापसापेक्षा चांगले धरतात.

दुपारी २.००, कोथरूड
कॉलेजची मुलगी. आज गॅदरिंग, परवा प्रॅक्टिकल. हिला काढायची सोय आधीच करून दिली. पाण्याने धुतला जाणारा शाळकरी पांढरा गोंद, दोन भागांना एक भाग पाणी, रिकाम्या धुतलेल्या बाटलीत कालवून नखावर एक हात. पांढरेपणा जाऊन तो काचेसारखा झाला की वर चमकी.

"ताई, फेविकॉल लावला की निघेल कसं?" शंका रास्त आहे. १९५९ पासून फेविकॉलचं नाव पक्क्या जोडासाठीच घेतलं जातं. पण लाकडाच्या छिद्रांत गोंद मुरतो, गुळगुळीत नखावर त्याचा नुसता पापुद्रा धरतो. परवा कोमट पाण्यात बोटं बुडवायची, काडीने कड उचलायची, अख्खा थर सुटून येतो. पाण्याने सुटतो, हाच त्याचा तोटाही आहे. भांडी घासणाऱ्या हातावर हा रंग दोन दिवसही टिकेल याचा भरवसा नाही.

दुपारी ४.३०, कर्वेनगर
इथे चमकी सोलून काढलेली होती, तीही गोंदाविना. रंगाबरोबर नखाचेही पदर निघालेले, पृष्ठभाग पांढुरका आणि खडबडीत. यावर झटपट इलाज नाही. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे खराब भाग पुढे सरकून कापला जायला काही महिने जातात. नखं आखूड केली, तेल चोळलं आणि सध्या रंगाचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. नवा रंग लावायचे पैसे बुडाले.

रात्री ८.३०, घर
निरोप आलाय: "गुरुवारी साखरपुडा, चमकी हवी." दर सांगायच्या आधी मी दोन प्रश्न पाठवते. शुक्रवारी ऑफिस आहे का? आणि घरी भांडी कोण घासतं? ऑफिस असेल आणि भांड्यांना बाई असेल, तर खाली गोंद. नाहीतर साधा बेस, आणि उतरवायची वेळ माझ्या वहीत आजच लिहायची. लावण्याचे आणि काढण्याचे पैसे मी एकत्रच सांगते. काढायचे पैसे भरलेले असले की कुणी रात्री बारा वाजता सुरीने नखं खरवडत बसत नाही.