मध्ययुगीन युरोपच्या बाईचा झगा: घरच्या शिलाई मशीनवरून एक्सपोर्ट



ब्लाऊज आणि फॉल-पिकोच्या पलीकडे काहीतरी करायचंय? मग आजचा विषय तुमच्यासाठी.

युरोपात जुना काळ हौसेने जगणारी बरीच मंडळी आहेत. पोलंडमध्ये दर जुलैत १४१० च्या ग्रुनवाल्डच्या लढाईचा प्रयोग होतो, स्वीडनच्या विस्बी गावात ऑगस्टमध्ये मध्ययुगीन आठवडा भरतो. तिथे पहिल्यांदा जाणाऱ्या बाईला बहुधा साधा शहरी पोशाख हवा असतो. समजा, १४ व्या शतकाच्या उत्तरार्धातला: आत लिननचा सैल झगा, वर अंगाबरोबरचा लोकरी गाऊन, डोक्याला लिननचं कापड.

माझं स्पष्ट मत आहे, गाऊनच्या मागे आधी लागू नका. त्याला साडेतीन-चार मीटर लोकरी कापड लागतं आणि फिटिंग अंगावर घालूनच करावं लागतं. हजारो किलोमीटर लांबच्या गिऱ्हाइकाचं माप चुकलं की सगळा माल अंगावर. झगा सैल असतो, तिथे इंच-दोन इंच चालून जातात.

आणि कटिंग? कळीदार कुर्ता आठवा! पुढे-मागे सरळ तुकडा, सरळ बाही, बगलेत छोटा चौकोन, बाजूला घेरासाठी त्रिकोणी कळ्या. कापड हाताने विणलेलं, महाग. म्हणून चिंधीसुद्धा वाया जाऊ नये असा सगळा हिशोब. दीडशे सेंटीमीटर पन्ह्याचं अडीच ते तीन मीटर कापड पुरतं. कापण्याआधी धुऊन घ्या, लिनन आटतं. (गाऊनमध्येही अशाच कळ्या असतात. ग्रीनलंडच्या हेर्योल्फ्सनेस इथे १९२१ च्या उत्खननात गोठलेल्या जमिनीतून असे लोकरी कपडे निघाले, आज ते कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. मुरलेलं गिऱ्हाईक तुमचा माल त्यांच्याशी ताडून बघतं.)

पैसे बुडतात ते कापडात. लिनन म्हणजे जवसाच्या खोडाचा धागा. बाजारात ‘लिनन लुक’ म्हणून जे मिळतं त्यात अनेकदा पॉलिस्टर असतं. दोन धागे जाळून बघा: वितळून कडक गोळी झाली तर ते कापड सोडा. राख झाली तरी ते सुती असू शकतं, म्हणून बिलावर ‘१०० टक्के लिनन’ लिहून घ्याच. युरोपियन युनियनच्या १००७/२०११ या नियमानुसार कपड्यावर धाग्याचं प्रमाण लिहावं लागतं. तिथे खोटं चालत नाही.

दुसरी गोष्ट फिनिशिंग. चेन, इलॅस्टिक, ओव्हरलॉक काहीही नको. आतली लांब शिवण मशीनवर मारलेली बऱ्याच गटांना चालते, पण गळा, बाहीचं टोक आणि खालची दुमड हातानेच हेम करा. शिवणीच्या कडाही दुमडून हाताने बसवा. मी तर म्हणेन, दोन प्रकार ठेवा: ‘कडा हाताने’ आणि ‘पूर्ण हातशिलाई’. दोन्हींची किंमत वेगळी, आणि कुठला कोणता ते वर्णनात स्पष्ट लिहा. पहिला नमुना शिवताना घड्याळ समोर ठेवा. हातशिलाईचे तास किमतीत धरले नाहीत तर ऑर्डर वाढेल तसा तोटाही वाढेल.

मेळे उन्हाळ्यात, म्हणजे नमुना आणि फोटो दिवाळीपर्यंत तयार हवेत. तोवर आयईसी नंबरही काढून ठेवा, तो नसेल तर माल देशाबाहेर विकायला पाठवता येत नाही. कापड उरलं तर फेकू नका, चारी कडा हेम करून डोक्याचं कापड बनवा आणि झग्याबरोबर जोडी म्हणून लावा.