आवाज तांडेलाचा, पण बोलतंय कोण?



बंदीचे दिवस संपत आले. १ ऑगस्टला जेटीवरून ट्रॉलर सुटतील. सध्या कुणाचं जाळं दुरुस्तीला पसरलंय, कुणाचं इंजिन उघडून ठेवलंय, आणि जवळजवळ प्रत्येक मालकाचा फोन दिवसभर वाजतोय. खलाशी ओडिशातून, झारखंडातून, कारवारकडून यायचे आहेत. कुणाला तिकिटाचे पैसे हवेत, कुणाला घरी ठेवून यायला उचल हवी. कागद नाही, सही नाही, फक्त फोनवरच्या शब्दावर आपण हजारो रुपये पाठवतो ते याच पंधरा-वीस दिवसांत. म्हणून एआयचा, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय आत्ताच घेतोय.

बातम्यांत एआय म्हटलं की नोकऱ्या जाणार, यंत्रं माणसाची जागा घेणार असं येतं. आपल्या ट्रॉलरवर जाळं ओढायला यंत्रमानव येणार नाही, निदान या सीझनला तरी नाही. आपल्यासारख्या लहान धंदेवाल्याला जवळचा धोका वेगळाच आहे. खोटं बोलणं आता फार स्वस्त आणि फार सफाईदार झालंय.

आठवून बघा, आतापर्यंत फसवणुकीचा मेसेज आपण ओळखायचो कशावरून? भाषेवरून. मोडकंतोडकं मराठी, मध्येच हिंदी शब्द, 'प्रिय ग्राहक आपके खाता' असला मजकूर. आपली शाळेत जाणारी पोरंसुद्धा हसायची. आता तोच भामटा एआयला सांगतो, की मत्स्योद्योग खात्याच्या पत्रासारखं मराठीत लिहून दे. दोन सेकंदांत शुद्ध, सरकारी थाटाचं पत्र तयार. डिझेल सबसिडीसाठी अर्ज, शेवटची तारीख अमुक, खालची फाइल डाउनलोड करा. ती फाइल 'एपीके' असते. ती उघडून मोबाइलवर बसवली, वर मागेल त्या परवानग्या दिल्या, की मोबाइलवर येणारे ओटीपी परस्पर दुसरीकडे जाऊ शकतात. तेव्हा यापुढे भाषा चांगली आहे म्हणून पत्र खरं, असं धरू नका. सरकारी योजनेचं ॲप व्हॉट्सॲपवर फाइल म्हणून येत नाही. शंका आली तर खात्यात किंवा सोसायटीत विचारा, फोन उचलायला कुणी ना कुणी आहे.

आता आवाजाचं बघू. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'वाल-ई' नावाची प्रणाली दाखवली. माणसाच्या आवाजाचा फक्त तीन सेकंदांचा नमुना घेऊन ती त्याच आवाजात हवं ते वाक्य बोलते. आता तसली साधनं कुणालाही मिळतात. आणि नमुना मिळवायला अवघड काय आहे? आपला तांडेल ट्रॉलरवरून रील टाकतो, त्यात दोन मिनिटं बोलतो. ग्रुपवर व्हॉइस मेसेज फिरतात. आवाज तर आपणच वाटत असतो.

समजा, रात्री साडेनऊला फोन आला. नंबर नवा. "शेठ, मैं बोल रहा हूँ, मोबाइल गिर गया, सात लोग स्टेशनपे खडे हैं, टिकट का पैसा इस नंबर पे डालो." आवाज गेली सहा वर्षं आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाचा. मागे स्टेशनचा गलबला. मालक काय करील? टाकील पैसे. आणि आपल्याकडे खलाशाचे पैसे भावाच्या नाहीतर गावच्या दुकानदाराच्या खात्यावर टाकायची सवय आहेच, त्यामुळे पडद्यावर भलतंच नाव दिसलं तरी खटकत नाही. ही सवय भामट्याच्या फार सोयीची आहे. पैसे गेल्यावर बँकेत जाल, तर पिन तुमच्याच हाताने टाकलेला. बँक तो व्यवहार तुमच्या मर्जीचा धरते, भरपाई मिळणं कठीण.

यावर उपाय अगदी साधा आहे, त्याला कसलंही सॉफ्टवेअर लागत नाही. फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या नंबरावर स्वतः लावा. लागला नाही तर त्याच्या बरोबरच्या दुसऱ्या खलाशाला लावा, गावच्या घरी लावा. तिकिटाला अर्धा तास उशीर झाला तर पुढची गाडी आहे. दुसरं, तांडेलाशी आणि उचल घेणाऱ्या प्रत्येक माणसाशी आत्ताच एक शब्द ठरवून ठेवा. माशाचं नाव चालेल, गावच्या देवाचं चालेल, पण व्हॉट्सॲपवर लिहायचा नाही, तोंडी सांगायचा. पैसे मागणाऱ्याने तो शब्द सांगितला पाहिजे. तिसरं, कुणाचे पैसे कुठल्या खात्यावर जाणार हे सीझन सुरू होण्याआधी वहीत लिहून घ्या. भावाचं खातं असलं तर असू दे, पण ते वहीत हवं. मधेच खातं बदललं असं फोनवर सांगितलं, तर माणूस समोर येईपर्यंत बदल नाही. काही मालक म्हणतील, एवढ्या वर्षांच्या माणसाला शब्द विचारायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं होतं. आम्हाला तसं वाटत नाही. त्याच्याच आवाजात दुसरा कुणी चोरी करणार असेल, तर तो शब्द त्याचंही नाव राखतो.

व्हिडिओ कॉलवर तोंड दिसलं म्हणजे झालं, असंही नाही. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये काय घडलं ते बघा. 'अरुप' या मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीतल्या कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराबद्दल मेसेज आला. त्याला आधी संशय आला होता. पण मग व्हिडिओ मीटिंग झाली, त्यात मोठे साहेब आणि ओळखीचे सहकारी दिसले, बोलले, आणि त्याचा संशय गेला. ती सगळी माणसं बनावट होती. पंधरा वेळा मिळून सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर गेले. एवढ्या मोठ्या कंपनीचा माणूस फसतो, तर आपण सावध राहण्यात कमीपणा कसला? यातला धडा आपल्या कामाचा आहे. त्याने मीटिंगमधल्या एका जरी माणसाला जुन्या नंबरावर फोन लावला असता, तर तिथेच भांडं फुटलं असतं.

व्यापाऱ्यांकडून येणाऱ्या पैशांबद्दल थोडक्यात. आपला माल रत्नागिरीकडे, मंगळूरकडे, केरळात जातो. गाडी भरली की ड्रायव्हर घाई करतो आणि व्यापारी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकतो. स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तो आता कुणीही बनवतो. आपल्या खात्यात जमा दिसल्याशिवाय गाडी सोडू नका, मग व्यापारी कितीही जुना असो. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही हे घरातल्या बायांना, मासळी विकायला बसणाऱ्या मावशींना पुन्हा पुन्हा सांगा. पिन लागतो तो द्यायला.

एक धोका सगळ्या जेटीचा मिळून आहे. २०१८ च्या जुलैत फॉर्मेलिनचा विषय कसा पेटला होता ते कुणी विसरलेलं नाही. त्यातलं खरं किती हा वाद वेगळा, पण बाहेरच्या राज्यांतून येणारी मासळी सरकारने काही दिवस बंद केली आणि गोंयकाराने ताटातले मासेच बंद केले. तेव्हा एआयचे व्हिडिओ नव्हते. आज कुणी बसल्या जागी आपल्या जेटीसारखीच जेटी, क्रेटवर औषध मारणारा माणूस असा व्हिडिओ करून सोडला, तर? तो खोटा आहे हे सिद्ध होईपर्यंत आठवडा जाईल, आणि बांगडा आठवडाभर थांबत नाही. म्हणून असा व्हिडिओ दिसला तर रागाने का होईना, पुढे पाठवू नका. 'बघा कसं बदनाम करतात' असं लिहून पाठवला तरी तो पसरतोच. लिंक आणि वेळ सोसायटीला कळवा. आपल्या मालाला बर्फ कधी लागला, लिलाव कुठल्या दिवशी झाला याच्या पावत्या जपून ठेवा. उत्तर द्यायची वेळ आली तर कागदच उपयोगी पडतो.

आता जे स्वतः एआय वापरतात त्यांच्यासाठी. वापरा, आमची हरकत नाही. अर्ज लिहायला, खलाशांना हिंदीत सूचना द्यायला, हिशोबाचा तक्ता मांडायला ते चांगलं आहे. पण नियम आणि हवामान त्याला विचारू नका. पश्चिम किनाऱ्याची बंदी १ जून ते ३१ जुलै, पूर्व किनाऱ्याची १५ एप्रिल ते १४ जून, आणि केरळची ट्रॉलिंगबंदी ९ जूनपासून, ५२ दिवसांची. एआय यातलं काहीही कुठेही जोडून ठामपणे सांगू शकतं, आणि दंड मात्र आपण भरतो. हवामानासाठी हवामान खातं, लाटा आणि मासळीच्या पट्ट्यांसाठी हैदराबादचं इन्कॉइस, नियमासाठी मत्स्योद्योग खातं.

मासळी घरपोच देणाऱ्या आपल्या काही पोरांनी व्हॉट्सॲपवर आपोआप उत्तर देणारा बॉट लावलाय. त्यांनी एअर कॅनडाचं प्रकरण लक्षात ठेवावं. त्यांच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. बॉटने केलं त्याला आम्ही जबाबदार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि प्रवाशाला भरपाई द्यायला लावली. बॉटने इसवण चारशे रुपये किलो सांगितली, तर गिऱ्हाईक तुमच्याशीच भांडणार.

आणि फुकटच्या ॲपमध्ये काय भरता ते बघा. कुठल्या पॉइंटला जाळं टाकलं हे आपण शेजारच्या ट्रॉलरवाल्याला विचारूनही सांगत नाही. तेच जीपीएसचे पॉइंट, खलाशांची आधार कार्डं, बँकेचं पासबुक फोटो काढून एआयला वाचायला देतो. एकदा दिलेलं कुठे साठतं, कोण बघतं, आपल्या हातात राहत नाही.

इतकं करूनही पैसे गेले तर लाजत बसू नका, शेजाऱ्याला काय वाटेल याचा विचार नको. लगेच १९३० ला फोन लावा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळवतात. वाटेत असेपर्यंत तो थांबवता येतो, म्हणून पहिला तास फार महत्त्वाचा. व्यवहाराचा यूटीआर नंबर, वेळ, रक्कम आणि समोरचा नंबर हाताशी ठेवा. त्यानंतर आपल्या बँकेला कळवा. मेसेज, कॉलची नोंद, काहीही पुसू नका.

कार्यालयात आम्ही एक छापील कागद ठेवला आहे. त्यावर तांडेल, खलाशी, बर्फवाला आणि व्यापारी यांचे नेहमीचे नंबर आणि खाती लिहायची जागा आहे. ट्रॉलर सुटण्याआधी भरून एक प्रत ट्रॉलरवर आणि एक घरी लावा, म्हणजे मालक समुद्रात असताना फोन आला तरी घरच्यांना काय करायचं ते कळेल. ठरवलेला शब्द मात्र त्यावर लिहू नका.