कारण सांगा, मगच तुरुंगात टाका!

मुहम्मद अलीचे ठोसे सर्वांना आठवतात, त्याचा खटला मात्र फार थोड्यांना माहीत आहे. चळवळीतल्या वकिलांनी तरी तो वाचलाच पाहिजे.

व्हिएतनाम युद्धासाठी अमेरिकेत सक्तीची लष्करभरती चालू होती. 28 एप्रिल 1967 रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात नाव पुकारले गेले, पण अलीने पाऊल पुढे टाकले नाही. जगज्जेतेपद गेले. जूनमध्ये गोऱ्या ज्युरीने दोषी ठरवले. 5 वर्षे कैद, 10 हजार डॉलर दंड. जामीन मिळाला म्हणून तो तुरुंगाबाहेर राहिला.

कायद्याने सूट मिळण्यास तीन अटी होत्या. विरोध सर्व युद्धांना हवा, तो धर्मश्रद्धेतून आलेला हवा आणि प्रामाणिक हवा. एका निवृत्त न्यायाधीशाने अलीची सुनावणी घेतली व त्याला प्रामाणिक ठरवून सूट देण्याची शिफारस केली. तरीही न्यायखात्याने कळवले की तिन्ही अटी पुऱ्या होत नाहीत. अपील मंडळाने अर्ज फेटाळला. कारण? एका शब्दाचेही दिले नाही!

सर्वोच्च न्यायालयात सरकारनेच कबूल केले की अलीचा विरोध धार्मिक आहे आणि प्रामाणिकही आहे. मग मंडळाने नेमक्या कोणत्या अटीवर नकार दिला? सांगता येईना. 28 जून 1971 रोजी आठ विरुद्ध शून्य मतांनी शिक्षा रद्द झाली. न्यायालयातले एकमेव कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थरगुड मार्शल या खटल्यापासून दूर राहिले होते.

युद्ध न्याय्य की अन्याय्य, याला न्यायालयाने हात लावला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याने दुसऱ्या एका खटल्यात सांगितलेच होते की एखाद्याच युद्धाला विरोध असून भागत नाही. म्हणून काही मित्र अलीच्या सुटकेला ‘तांत्रिक’ म्हणतात. मला हे पटत नाही. ‘अर्ज नामंजूर’ एवढ्या एका ओळीचा कागद घेऊन पक्षकार माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हातात दुसरे हत्यार तरी कोणते असते?

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा झालेल्या आपल्या संविधानाचे कलम 23 राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादू देते, परंतु केवळ धर्म, वंश, जात वा वर्ग पाहून भेदभाव करू देत नाही. अलीच्या वकिलांनीही वंशाचा मुद्दा मांडला होता. केंटकीच्या भरती मंडळांवर काळे सदस्य जवळजवळ नव्हतेच. अपील न्यायालयाने तो मुद्दा ऐकला आणि शिक्षा कायम ठेवली.